ओठावर ताप फुटला? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो. पहाटे द्राक्षबागेत हात गारठतात आणि दुपारी त्याच बागेत ऊन चटके देतं. नाशिककरांच्या ओठांना हे दिवस जड जातात. पंचवटीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात तेव्हा तोंडाला रुमाल लावून येणारे वाढतात. "ओठावर ताप फुटलाय, एखादं मलम द्या." मागितलेलं मलम बऱ्याचदा चुकीचं असतं आणि माणूस आलेला असतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मला यातला उशीर जास्त खटकतो.

ओठाच्या कडेला घोळक्याने उठणारे हे पाणीदार फोड उष्णतेचे नसतात आणि रात्री कोळी मुतल्याचेही नसतात. ते हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे असतात, बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकाराचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच कुणाच्या तरी मुक्यातून मिळालेला असतो. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी गप्प पडून राहतो. ताप, कडक ऊन, गार वारा, जागरण, ताण, मासिक पाळी किंवा दाताचं काम अशा निमित्ताने पुन्हा ओठावर येतो. तो कायमचा काढून टाकणारं औषध आज नाही. तसं वचन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

फोड दिसेपर्यंत थांबणं

आधी ओठाची एकच जागा चुणचुणते, खाजते, जरा ताठरते. ज्यांना हे आधी होऊन गेलंय त्यांना ती जागा बरोबर ओळखता येते. फोड यायला अजून काही तास, फार तर एक-दोन दिवस असतात, आणि उपचाराची खरी वेळ हीच.

याचं कारण औषधाच्या कामातच आहे. असायक्लोव्हिर हे औषध विषाणूने ताबा घेतलेल्या पेशीतच जागं होतं आणि विषाणूला स्वतःच्या प्रती काढू देत नाही. प्रती काढण्याचा जोर पहिल्या दिवशीच असतो. फोड फुटून खपली धरल्यावर अडवायला फारसं काही उरलेलं नसतं, मग ट्यूब संपवली तरी दिवस तेवढेच लागतात. म्हणून चुणचुण जाणवताच ५ टक्क्यांचं असायक्लोव्हिर मलम दिवसातून पाच वेळा, साधारण चार-चार तासांनी, चार-पाच दिवस लावायचं. सकाळ-संध्याकाळ दोन बोटं फिरवून भागत नाही. अपेक्षाही खरी ठेवा. वेळेत लावलं तरी मलमाने अर्धा-एक दिवसच वाचतो, एरवी सात ते दहा दिवसांत जखम आपोआप भरते.

गोळ्यांचा गुण जास्त, पण त्याही पहिल्याच दिवशी हव्यात आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. किडनीचा त्रास असलेल्यांची मात्रा बदलते. ज्यांना वर्षातून अनेकदा फोड येतात त्यांनी सिव्हिलमध्ये किंवा आपल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन पुढच्या वेळेसाठी चिठ्ठी आधीच लिहून घ्यावी. रात्री अकराला ओठ चुणचुणला तर गोळी घरात असते.

शेजाऱ्याची ट्यूब लावणं

खाज, गजकर्ण, पुरळ, सगळ्याला चालणारं म्हणून घराघरात एक ट्यूब असते. त्यात बहुधा स्टेरॉईड असतं. ते लावलं की लाली उतरते, बरं वाटतं, पण त्वचेची लढण्याची ताकद दबते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. ओठावरच्या फोडांना ती ट्यूब आपल्या मनाने कधीही लावू नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, फोडात पू झाला तरच डॉक्टर ते देतात. टूथपेस्ट, चुना, लिंबू यांनी कातडी भाजते, त्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं. ठणका असेल तर गार पाण्याची घडी आणि पॅरासिटामॉल, खपलीला साधं व्हॅसलीन. खपली नखाने काढू नका.

दुसरंच काही असताना तापाचं समजणं

तोंड येतं ते आत, गालाला किंवा जिभेला. तो वेगळा त्रास. ओठाचे कोपरे चिरतात तोही वेगळा. लहान मुलाच्या नाकातोंडाजवळ मधाच्या रंगाची खपली धरली असेल तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. नागिणीचा विषाणू कांजिण्यांचा, ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठते.

तंबाखू, मिश्री, गुटखा घेणाऱ्यांनी मात्र नीट ऐकावं. ओठावरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, कडक लागली, तर मलम मागायला येऊ नका. थेट डॉक्टरांना दाखवा, तो कर्करोग असू शकतो.

बाळाचा मुका

बारशाला पाहुण्यांची रांग लागते आणि जो तो बाळाचा मुका घेतो. फोड आलेल्या माणसाने तान्ह्या बाळाच्या जवळही तोंड नेऊ नये, मग तो सख्खा मामा असो की आजी. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो आणि जीव घेऊ शकतो. मोठ्यांसमोर हे बोलायला सुनेला अवघड जातं, म्हणून घरातल्या थोरल्यांनीच पुढे होऊन सांगावं. आईलाच फोड असेल तर मास्क आणि हात धुणं. स्तनावर फोड नसतील तर दूध चालू ठेवावं. बाळ पेंगतंय, दूध ओढत नाही, ताप आहे किंवा अंगावर फोड आलेत तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

जखम पूर्ण भरेपर्यंत पेला, टॉवेल, लिपस्टिक आणि बिडी-सिगारेट वेगळी ठेवा. मलम लावल्यावर हात धुवा, त्याच बोटाने डोळा चोळू नका. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना तर तो दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांचा. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, एचआयव्हीबाधितांनी आणि जुना इसब असलेल्यांनीही फोड पसरण्याची वाट पाहू नये.

बागेत छाटणी-खुड्याला जाताना टोपी किंवा ओढणी आणि एसपीएफ ३० चा लिपबाम ठेवा. रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर, उन्हात उभं राहणाऱ्यांनीही तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा, पाण्याने निघून गेला की लगेच.