कॅम्परला १७७६ सीसीचं इंजिन

माझी १९७१ ची फोक्सवॅगन कॅम्पर (राहण्याची सोय असलेली व्हॅन) कॅलिफोर्नियात ग्रेपव्हाइनचा चढ सेकंड गिअरमध्ये, ट्रकांच्या मागे धापा टाकत चढायची. मूळ १५८४ सीसीचं, हवेने थंड होणारं इंजिन पार थकलेलं. सुबारूच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा मोह झाला, पण रेडिएटर, पाइप, वायरिंगचा हिशेब मांडला आणि गप्प बसलो. ८७ मिमीचे सिलिंडर घालून १६४१ सीसी करणं सगळ्यात स्वस्त. पण त्यांच्या भिंती पातळ, तापतात. शेवटी ९०.५ मिमीचे घेऊन १७७६ केलं. त्यासाठी इंजिनाची केस (बाहेरचं कवच) आणि सिलिंडरवरचे हेड दोन्ही बोअर करावे, म्हणजे भोकं कोरून मोठी करावी लागली, पैसे तिथेच गेले. म्हणून दोन कार्ब्युरेटरांचा (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) नाद सोडला, जुना एकच ठेवला. इंजिनभोवतीचं फाटकं रबर सील मात्र बदललं. त्यातून खालची गरम हवा पुन्हा इंजिन थंड करणाऱ्या पंख्याकडे जायची, आणि मी दोन वर्षं कार्ब्युरेटरलाच शिव्या घालत होतो! आता तोच चढ थर्डमध्ये निघतो.