आंबा घाटात गेलेलं इंजिन: ब्लॉक असा बदला

साखरपा मागे पडला आणि घाटात तापमानाचा काटा लालवर गेला. डिपस्टिकवर (ऑइल मापायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ चहासारखं, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावरचं झाकण) यांच्या मधलं पॅकिंग, गेलं तरी असंच दिसतं, म्हणून आधी हेड उतरवून बघा. माझ्या गाडीत दोन सिलिंडरांच्या मधे ब्लॉकलाच तडा होता.

17 वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी गाडी. गिअरबॉक्सचे बोल्ट गंजून बसलेले असतात. आदल्या संध्याकाळीच त्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. पान्याने झटका दिलात की मुंडी तुटलीच. बॅटरी, रेडिएटर काढा, मग चेनपुलीने इंजिन उचला.

बदली म्हणून वापरलेला ब्लॉक घेताना पैसे देण्याआधी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापून, प्रेशर टेस्ट (तडा, गळती शोधणारी चाचणी) करून घ्या. बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट नवीनच. इथे काटकसर नको. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा. विहिरीचं मचूळ पाणी अजिबात नको, कूलंटच भरा. माझ्या ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा त्याच पाण्याने खाल्ल्या होत्या. रेडिएटरही धुऊनच जोडा.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, म्हणून आरटीओत आधी विचारा. परवानगीशिवाय बदललात तर 14 दिवसांत कळवावं लागतं. ब्लॉकची पावती जपून ठेवा.