धरणात, इनटेक विहिरीत डायव्हर उतरवताना या चुका टाळा

बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवर काम केलेली डायव्हरांची टीम नागपूरजवळच्या नवेगाव खैरी धरणाच्या गेटवर किंवा कन्हान नदीच्या इनटेक विहिरीवर (नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीवर) आली की शिस्त आपोआप सैल पडते. पंधरा-वीस मीटर पाणी, लाट नाही, बोट हलत नाही, जवळच चहाची टपरी. समुद्रात ज्या तयारीशिवाय कोणी पाण्यात पाय घालणार नाही, ती इथे "तासाभराचं तर काम आहे" म्हणून सोडून दिली जाते. धरणाच्या कामात सगळ्यात जास्त भीती बाळगायची ती ओढीची, म्हणजे दाबातल्या फरकामुळे तोंडाकडे खेचणाऱ्या पाण्याची. म्हणून आधी तिच्याबद्दल.

पंप बंद केला म्हणजे ओढ थांबली, असं समजणं

गेटच्या, व्हॉल्व्हच्या किंवा पाइपच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी वेगळी असली की दाबात फरक पडतो. पंप चालू असो वा नसो. १० मीटरचा फरक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर हा जोर ७०० किलोच्या घरात जातो. फरक फक्त ३ मीटरचा असला तरी २१० किलो. काठावरच्या चार माणसांनी कितीही ताकद लावली तरी तिथे चिकटलेला डायव्हर सुटत नाही.

घात असा की ही ओढ लांबून कळत नाही. त्याच ३० सेंटिमीटरच्या तोंडातून १० मीटर दाबाने पाणी जात असेल, तर एक मीटर अंतरावर प्रवाह सेकंदाला जेमतेम १० सेंटिमीटर असतो. अर्ध्या मीटरवर ४० सेंटिमीटर होतो आणि ३० सेंटिमीटरवर एक मीटरच्याही वर जातो. अर्धा मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे डायव्हरचं काही चालत नाही. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात तो हाताने चाचपडतच पुढे सरकतो, त्यामुळे ओढ जाणवते तोवर हात आत गेलेला असतो.

२५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्रिनिदादमध्ये तेलाच्या ३० इंची समुद्री पाइपलाइनवर हेच झालं. लाइनमधला माल आधी काढल्यामुळे आत पोकळी आणि कमी दाब राहिला होता. प्लग काढताच पाचही डायव्हर पाइपात ओढले गेले. एक जिवंत बाहेर आला, चौघे गेले. पाइप रिकामा केला म्हणजे धोका गेला, हा समज किती महाग पडतो ते त्यावरून कळावं.

मग करायचं काय? बायपास (गेटला वळसा घालणारी छोटी वाट) उघडून दोन्ही बाजूंची पातळी एक करा. नंतर बायपास बंद करून दोन्हीकडच्या पातळी मोजायच्या पट्ट्यांवर अर्धा तास नजर ठेवा. एका बाजूची पातळी हलली, तर सील गळतंय. पट्टी दिसत नसेल तर वजन बांधलेलं कापड दोरीने सीलच्या कडेकडेने वरून फिरवा. ते कुठे खेचलं गेलं, तर तिथे डायव्हर जाणार नाही. मोटारीचे ब्रेकर, व्हॉल्व्हचे ॲक्च्युएटर यांना कुलूप आणि पाटी लावा, आणि किल्ल्या सुपरवायझरच्या खिशात ठेवा. फ्लोट स्विचवर आपोआप सुरू होणारा पंप नुसतं बटण दाबून "बंद" होत नाही. त्याचे फ्यूज काढा. नवेगाव खैरीवर वरच्या तोतलाडोह धरणाच्या १६० मेगावॉटच्या वीजघरातून सुटणारं पाणी येतं, म्हणून वीजघराशी आणि जलसंपदा विभागाशी वेळ लेखी ठरवून घ्या. फोनवरचं "हो, चालेल" पुरेसं नाही.

तरीही कोणी अडकलाच, तर आधी प्रवाह थांबवा: खालच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करा, पातळी समान करा. दोर ओढत बसू नका. ओढ चालू असताना स्टँडबायला (मदतीसाठी काठावर तयार असलेल्या डायव्हरला) त्याच जागी पाठवलं, तर अडकलेले दोन होतात.

अंबिलिकल मोकळं सोडणं

अंबिलिकल म्हणजे डायव्हरला वरून हवा आणि संपर्क देणारी नळी-दोर. ऑफशोअरचा, म्हणजे समुद्रातल्या कामाचा नियम इथे जसाच्या तसा लावा. डायव्हरचं अंबिलिकल सर्वांत जवळच्या धोक्यापर्यंतच्या अंतरापेक्षा ५ मीटर कमी ठेवून बांधायचं. स्टँडबायचं त्याहून २ मीटर जास्त. टीमही किमान पाच जणांचीच: सुपरवायझर, डायव्हर, स्टँडबाय आणि दोघांचे टेंडर (वरून अंबिलिकल सांभाळणारे). तीन माणसांत काम उरकणारा ठेकेदार स्टँडबायलाच टेंडर करतो. मग खाली काही बिघडलं की सूट चढवायला आणि दोर धरायला तोच एक माणूस.

बेलआउटचा हिशेब न करणं

बेलआउट म्हणजे वरची हवा बंद पडली तर वापरायची पाठीवरची राखीव बाटली. धोक्याच्या वेळी श्वास मिनिटाला ४० लिटर धरा. २० मीटरवर दाब ३ बार, म्हणजे मिनिटाला १२० लिटर लागतात. ७ लिटरची बाटली २०० बारला भरली आणि थोडा राखीव दाब वजा केला, तर ११ मिनिटं मिळतात. सोडलेल्या अंबिलिकलच्या दर १० मीटरला एक मिनिट हवं. ८० मीटर पसरलं असेल तर बसतं, पण बाटली १२० बारवरच असेल तर सहा मिनिटंच उरतात. उतरण्याआधी गेज वाचून आकडा लॉगमध्ये लिहा.

उंची विसरणं

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, तोतलाडोह त्याहून वर. ३०० मीटरच्या पुढे समुद्राचा डाइव्ह तक्ता (किती खोलीवर किती वेळ राहायचं आणि वर येताना कुठे थांबायचं ते सांगणारा) तसाच वापरता येत नाही. न्यूमो गेजवर (हवेच्या दाबाने खोली दाखवणाऱ्या मापकावर) १८ मीटर आले, तर हिशेब १८.७ चा होतो आणि तक्त्यात २१ ची ओळ धरावी लागते. कॅनडाच्या डीसीआयईएम तक्त्यात १८ मीटरला थांब्याविना ५० मिनिटं मिळतात, २१ ला ३५. गेज उतरण्याआधी जागेवरच शून्यावर आणा. गोड्या पाण्यात तरंगण्याचा जोर कमी असतो, म्हणून मुंबईहून आणलेलं शिसं २-३ किलोने हलकं करा.

कॉम्प्रेसर जनरेटरशेजारी लावणं

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दोन्ही यंत्रं एकाच झाडाच्या सावलीत ठेवण्याचा मोह होतो. हवा घेणारी नळी वारा जिकडून येतो त्या बाजूला, धुरापासून लांब आणि उंचावर हवी. डायव्हरच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या (दहा लाखांत पाच भागांच्या) वर गेलं की डाइव्ह थांबवा.

जुने ट्रॅशरॅक (कचरा अडवणाऱ्या जाळ्या), गेट कापताना हवा न काढणं

तेलक्षेत्र मोडीत काढतानाही हीच चूक होते. ऑक्सी-आर्कने (वीज आणि ऑक्सिजनच्या ज्योतीने) पोकळ बॉक्स सेक्शन कापताना हायड्रोजन आणि न जळलेला ऑक्सिजन आत साठतो. पुढची ठिणगी त्याचा स्फोट करते. आधी वरच्या कडेला भोक पाडून वायूला वाट द्या, मगच खाली या. कापण्याची वीज जोडणारा नाइफ स्विच फक्त डायव्हरच्या "करंट ऑन"वर टाकायचा, "करंट ऑफ"ला लगेच काढायचा.

डाइव्ह संपल्यावर त्याच दिवशी सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला परतणं किंवा संध्याकाळचं मुंबई विमान पकडणं, दोन्ही टाळा. थांबे घेऊन वर आलेल्या डायव्हरला २४ तास उंचावर नेऊ नका. ठेकेदाराने तिकीट आधीच काढून ठेवलं असेल, तर ते बदलायला लावा.