बीटा-ब्लॉकर चालू असताना ऑटोनॉमिक तपासणी : या चुका टाळा

ऑटोनॉमिक तपासणी म्हणजे नाडी आणि बीपी आपोआप सांभाळणाऱ्या नसांची तपासणी, आणि बीटा-ब्लॉकर म्हणजे नाडी मंदावणारी, हृदयाची आणि बीपीची औषधं. सगळ्यात मोठी चूक घरीच होते. तारीख मिळाली की कुणीतरी सांगतं, "जिभाऊ, त्या गोळीनं नाडी मंदावते, रिपोर्ट चुकेल. दोन दिवस घेऊ नका." मग आधी अटॅक येऊन गेलेला माणूस मेटोप्रोलॉल ही बीटा-ब्लॉकर गोळी परस्पर बंद करून चोपड्याहून जळगावला तपासणीला येतो. कृपा करून असं करू नका. ही गोळी एकदम तोडली की दाबून ठेवलेला ॲड्रेनॅलिनचा जोर उसळतो. धडधड, छातीत दुखणं, कधी पुन्हा अटॅकही. बंद करायचीच ठरली तर हृदयरोगतज्ज्ञ एक-दोन आठवड्यांत डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात. शिवाय सगळ्या गोळ्या सारख्या वेगानं उतरत नाहीत: मेटोप्रोलॉलची रक्तातली मात्रा ३ ते ७ तासांत निम्मी होते, बिसोप्रोलॉलला १० ते १२ तास लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला ही गोळी रोज घ्यायचीच आहे, त्याची तपासणी बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच करावी, आणि रिपोर्ट तसाच वाचावा.

वाचण्यातच खरी गोम आहे. उभं राहिल्यावर निरोगी माणसाची नाडी पंधराव्या ठोक्याच्या सुमारास सर्वांत जलद होते आणि तिसाव्याच्या आसपास मंदावते. बीटा-ब्लॉकरवर ही उडी बुटकी पडते. वल्साल्व्हा चाचणीत नळीत फुंकून पाऱ्याचा दाब १५ सेकंद ४० मिलिमीटरवर धरायचा असतो. रुग्णाचा चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा फुगतात, पण नाडी हवी तेवढी चढत नाही. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद नाडीचं जे गुणोत्तर एरवी १.२१ किंवा जास्त यायला हवं, ते त्यामुळे खाली येऊ शकतं. अशा रुग्णाला मधुमेह असेल तर घाईनं 'न्यूरोपथी' (नसा खराब झाल्या) लिहून टाकणं हा अन्याय आहे. उलटी चूकही होते. मिनिटाला ६ खोल श्वासांच्या चाचणीत व्हेगस या नाडी मंदावणाऱ्या नसेचं काम दिसतं, तिथं गोळी फारशी आड येत नाही. पण नाडीतल्या चढ-उतारांचे व्हेगसचे आकडे गोळीमुळे वाढू शकतात आणि नस आहे त्यापेक्षा धडधाकट वाटते. कार्व्हेडिलॉल हे बीटा-ब्लॉकर रक्तवाहिन्याही सैल करतं, म्हणून उभं राहताच बीपी उतरलं तर आधी गोळी आठवावी. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल तर हे नाडीचे आकडे मोजण्यात अर्थच नाही.

"बीपीची एकच गोळी आहे" एवढं सांगून भागत नाही. त्या एकाच गोळीत टेल्मिसार्टनबरोबर मेटोप्रोलॉल असू शकतं. पाकिटावर दोन नावं असतात, लोक पहिलंच वाचतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही बीटा-ब्लॉकरच. ते डोळ्यातून रक्तात जातात. हे थेंब तर कुणी औषधात धरतच नाही. म्हणून पाकिटं, थेंबांची बाटली, सगळं पिशवीत घालून आणा. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनही आणा, तिनंही उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं.

शेवटची गोळी किती वाजता आणि किती मिलिग्रॅम घेतली, ते टेक्निशियननं रिपोर्टवर लिहायलाच हवं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तर तेच औषध, तोच डोस, तीच वेळ ठेवावी. नाहीतर दोन रिपोर्टांची तुलना करून काही हाती लागत नाही.

चहा, तंबाखू, विडी त्या सकाळी नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो, एसटीत घामाघूम होऊन आलेल्याचं बीपी उभं राहताच गोळीशिवायही पडतं. उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ मागा. पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.