बार्बारा ऐकायची तर अशी

फ्रेंच शांसाँ, म्हणजे शब्दांना महत्त्व देणारी फ्रेंच गाणी, ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं माझ्याकडे कर्वेनगरात शिकवणीला येणारी मुलं विचारतात, कधी त्यांच्या आयाही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: 'बार्बारा शाँत बार्बारा' हा १९६४ चा अल्बम.

बार्बारा म्हणजे १९३० साली पॅरिसमध्ये जन्मलेली मोनिक सेर्फ. 'लेक्ल्यूज' नावाच्या छोट्याशा कॅबरेत ती गायची. आधी तिने ब्रासांस आणि ब्रेल या गायक-गीतकारांच्या गाण्यांची एकेक रेकॉर्ड काढली होती. या अल्बममध्ये ती स्वतःची गाणी गाते.

फोनच्या स्पीकरवर लावू नका. साथ अगदी मोजकी आहे, मुख्यतः पियानो, आणि तिचा श्वाससुद्धा ऐकू यायला हवा. साधे हेडफोन पुरतात. गाणी बारा आहेत, पण पहिल्यापासून सुरू न करता आधी 'पिएर' लावा. पाऊस पडतोय, ती पिएरची वाट बघतेय, मधेच घरातलं काहीबाही स्वतःशी बोलतेय, मधेच नुसती गुणगुणतेय. शब्द कळले नाहीत तरी वाट बघणं कळतं.

मग 'नाँत'. यासाठी वेळ काढा. भाषांतर आधी वाचू नका, हा माझा आग्रह आहे. एवढंच लक्षात ठेवा: नाँत शहरात पाऊस पडतोय. एका बाईला निरोप आलाय, लगेच या, तो तुमची आठवण काढतोय. सोबत पत्ता आहे. ती पोचते, तर खोलीतले चार पुरुष उठून उभे राहतात. ती काहीच विचारत नाही, त्यांच्या नजरेवरूनच तिला कळतं की उशीर झाला. 'तो' कोण, हे गाणं अगदी शेवटी सांगतं. म्हणून मीही इथे सांगत नाही. त्या पत्त्यावरची गल्ली गाणं लिहिलं तेव्हा नाँतमध्ये नव्हतीच. १९८६ साली शहराने तिथल्या एका रस्त्याला ते नाव दिलं.

दुसऱ्यांदा ऐकताना गाण्याचे शब्द हाताने लिहून काढा आणि मोठ्याने वाचा. बोलताना फ्रेंच माणूस शब्दाच्या शेवटचा 'ए' गिळतो, गाताना मात्र तो बऱ्याचदा उच्चारला जातो. 'नाँत' तिच्या तोंडी 'नाँतऽ' होतं. आपणही अभंग म्हणताना 'नाम'चं 'नामऽ' करतोच की. असा प्रत्येक 'ए' पेन्सिलीने अधोरेखित करा, मग तिच्याबरोबर म्हणून बघा. घशातला 'र' जमला नाही तर तिथे अडून बसू नका. भावगीतं ऐकत वाढलेल्या कानाला शब्द आधी, सूर मागून, ही रीत ओळखीची आहे. तोच कान इथे कामी येतो.

शाळेत फ्रेंच घेतलेल्या मुलांना मी 'ओ ब्वा द सँ-तामाँ' आधी देते. त्यात ती झाडाला टेकून लपाछपीचं राज्य घेते. सोपे शब्द, ठेका पटकन पकडता येतो. 'गार द लियाँ' शेवटी ठेवा. पावसाला कंटाळलेली ती 'रोम' नावाच्या मेट्रो स्टेशनजवळून फोन करते: टॅक्सी करून गार द लियाँला, म्हणजे पॅरिसच्या या रेल्वे स्टेशनवर ये, इटलीला जाऊ. 'नाँत'नंतर थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच हे लावा.