तुर्की हेझेल ओळखायचं कसं आणि लावायचं कसं

हेझेल, म्हणजे हेझलनट ज्याला लागतात ते, म्हटलं की बुंध्यापासूनच दहा फांद्या फुटलेलं झुडूप डोळ्यासमोर येतं, पण तुर्की हेझेल हे एका सरळ खोडाचं मोठं झाड आहे, १५-२० मीटर आरामात जातं, आणि ओळखायची पहिली खूण हीच. मूळचं बाल्कन, उत्तर तुर्कस्तान, कॉकेशस भागातलं. तरुणपणी आकार इतका शंकूसारखा की कुणीतरी छाटून ठेवलंय असं वाटतं. सालीला हात लावून बघा, फिकट राखाडी, बुचासारखी जाड आणि पापुद्रे सुटलेली. पानावरून मात्र घोटाळा होतो, कारण लिंडन नावाच्या दुसऱ्या झाडाचं पानही असंच हृदयाच्या आकाराचं असतं, फक्त त्याची देठाकडची बाजू बऱ्याचदा तिरकी असते आणि हेझेलच्या कडेला मोठ्या दात्यांवर परत बारीक दाते असतात. हिवाळा सरताना, पानं यायच्या आधी, लांब पिवळसर तुरे लोंबतात ते नर. मादी फूल म्हणजे कळीच्या टोकाला लाल धाग्यांचा इवलासा झुपका, शोधावा लागतो, पण सापडला की फार भारी वाटतं! आणि फळं दिसली तर प्रश्नच मिटला, घोसाभोवती राठ झिपऱ्यांचं आवरण असतं.

आता लागवड. उणे २५ अंशांची थंडी हे झाड सोसतं, पण हिवाळाच नसतो अशा उष्ण दमट ठिकाणी नका लावू, विनाकारण हाल होतात त्याचे. भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन हवी, चुनखडीची असली तरी चालते. जागा मात्र नीट विचार करून ठरवा कारण सोटमूळ खोल जातं आणि मोठं झाड हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून रोप लहानच घ्या. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच, खोडाचा बुंधा मातीत गाडायचा नाही. खरी मेहनत पहिली २-३ वर्षं, कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्या, रोज शिंपडून काही उपयोग नाही. एकदा मुळं धरली की दुष्काळ, शहरातला धूर सगळं पचवतं, म्हणून तर युरोपात रस्त्याकडेला लावतात.

छाटणी जवळजवळ लागतच नाही. बुंध्यातून फुटवे क्वचितच येतात, त्यामुळेच हेझलनटच्या कलमांना याचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांसकटचं रोप) वापरतात. बियांपासून करायचं तर ताज्या बिया वाळू न देता ओल्या वाळूत घालून ३-४ महिने फ्रीजमध्ये ठेवा, आणि पेरल्यावर वरून जाळी टाका, नाहीतर उंदीर एकही ठेवत नाहीत. फळं हवी असतील तर दोन वेगळी झाडं लावा, एकट्या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत. फळ लहान आणि कवच कडक, तरी गर खाण्यासारखा असतो.