वर्गातल्या प्रत्येक मुलाला तासात कसं सामील करून घ्यावं

“कोण सांगेल?” असं विचारलं की वर्गात ठरलेले पाच-सहा हात वर जातात. बाकीच्यांना ठाऊक असतं, कुणीतरी सांगेलच. ती मुलं मस्ती करत नाहीत, फळ्यावरचं उतरवूनही घेतात, त्यामुळे तास चांगला झाला असं वाटतं. त्यांना काय समजलं, हे कळतं ते थेट परीक्षेचे पेपर तपासताना. म्हणून या लेखातल्या बहुतेक गोष्टी एकाच बदलाभोवती आहेत: प्रश्न एकाला न विचारता सगळ्यांना विचारायचा आणि उत्तरही सगळ्यांकडून घ्यायचं.

बडोद्यात याची गरज अंमळ जास्तच आहे. इथल्या एकेका वर्गात दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतली मुलं असतात, गुजराती घरांतली असतात आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या हिंदीभाषक कुटुंबांतलीही असतात. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. ज्या शहराने प्रत्येक मूल शाळेत आलं पाहिजे हे एवढ्या आधी ठरवलं, तिथल्या वर्गात निम्मी मुलं गप्प बसून घरी जावीत हे मला फार लागतं.

आधी एक तास नुसतं मोजा

काही बदलण्यापूर्वी आपल्या वर्गाचं चित्र पाहून घ्या. वर्गाचा बैठक-नकाशा कागदावर काढा आणि सोबतच्या शिक्षकांना एक तास मागे बसायला सांगा. जे मूल बोलेल त्याच्या चौकोनात एक रेघ. तासाअखेर रेघा कुठे गोळा झाल्या आहेत ते दिसतं. बहुधा पुढचे बाक आणि मधली रांग भरलेली असते, खिडकीकडचा कोपरा कोरा. मुली आणि मुलगे वेगळे मोजा. नुकतंच दुसऱ्या माध्यमातून आलेलं मूल असेल तर त्याचा चौकोन मुद्दाम पाहा. मागे बसायला कुणी नसेल तर मोबाइलवर फक्त आवाज रेकॉर्ड करून घरी ऐका, नावं ओळखू येतात.

पाट्या बाहेर काढा

सगळ्यांचं उत्तर एकाच वेळी पाहण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पाटी. प्लॅस्टिकची पाटी चालते. तीही नसेल तर कोरा कागद पारदर्शक फाइलमध्ये घालून त्यावर मार्करने लिहा आणि फडक्याने पुसा. नियम दोनच. लिहून झालं की पाटी छातीशी उलटी धरायची आणि “दाखवा” म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. एकदम हे महत्त्वाचं, नाहीतर शेजारच्याची पाहून खाडाखोड सुरू होते.

पाचवीच्या अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ. प्रश्न: १/३ मोठा की १/४? पाट्या वर झाल्या की हमखास बऱ्याच पाट्यांवर १/४ दिसतं. चार तीनापेक्षा मोठा, म्हणून १/४ मोठा, असा मुलांचा हिशेब असतो. तोंडी विचारलं असतं तर पहिल्या हुशार मुलाने “१/३” सांगितलं असतं, आपण “शाब्बास” म्हटलं असतं आणि ही चूक तशीच पुढे सहावीत गेली असती.

आता बरोबर उत्तर सांगू नका. चेहराही कोरा ठेवा, कारण मुलं आपल्या भुवया वाचतात. “ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा जोडीदार शोधा आणि त्याला पटवून द्या” एवढंच म्हणा. दोन मिनिटं वर्गात गलका होईल, तो होऊ द्या. त्यात कानावर असं काही येतं: “अरे, एक चॉकलेट तिघांत वाटलं तर तुला जास्त मिळेल की चौघांत?” मग पाटी पुसून पुन्हा लिहायला सांगा. अजूनही काही पाट्यांवर १/४ असेल तर जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या प्रत्येकाला द्या. एकीच्या तीन सारख्या घड्या, दुसरीच्या चार. एकेक भाग कापून एकावर एक ठेवला की काय शिल्लक राहतं ते मुलाच्या हातातच दिसतं. तीन सारख्या घड्या घालणं लहान हातांना जड जातं, तेव्हा त्या पट्टीवर आधी पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

आधी प्रत्येकाचं उत्तर, मग आपसात चर्चा, मग पुन्हा उत्तर, ही रीत एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात रुजवली. जवळजवळ सगळ्यांचं पहिलंच उत्तर बरोबर आलं तर चर्चेत वेळ घालवू नका, पुढे जा. जवळजवळ सगळ्यांचं चुकलं तर चर्चेचा उपयोग नाही, नव्याने शिकवा.

प्रश्न विचारून थांबा

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शिक्षकांचे तास रेकॉर्ड करून अभ्यासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, “माहीत नाही” कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात. मनात अंक मोजा, तोवर प्रश्न पुन्हा म्हणू नका आणि इशाराही देऊ नका. घरी एक भाषा बोलून शाळेत दुसरीत उत्तर देणाऱ्या मुलाला हा वेळ दुप्पट लागतो, कारण उत्तर सुचल्यावर त्याला शब्दही शोधायचे असतात.

नाव घेऊन विचारायचं असेल तर नाव शेवटी घ्या. “पानं हिरवी का दिसतात?” मग शांतता, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटतात. आइसक्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यात ठेवा आणि काडी उचला, म्हणजे निवड कुणाच्या मर्जीची राहत नाही. पण काडी काढण्यापूर्वी शेजाऱ्याशी एक मिनिट बोलू द्या. अचानक उभं केल्याने घाबरणारं मूल “आम्हाला दोघांना असं वाटलं” असं मात्र सांगू शकतं. आणि त्याला “आत्ता नाही” म्हणायची मुभा द्या, पण दोन उत्तरांनंतर त्याच्याकडे परत या.

घरची भाषा वर्गात येऊ द्या

जोडीत बोलताना मराठी, गुजराती, हिंदी काहीही चालेल असं स्पष्ट सांगा. विचार ज्या भाषेत सुचतो त्या भाषेत आधी होऊ दे. वहीत लिहिताना शाळेच्या माध्यमाची भाषा. नव्या धड्यातले पाच-सहा अवघड शब्द फळ्याच्या कडेला चित्रासह आणि मुलांच्या भाषांतल्या शब्दांसह तास संपेपर्यंत राहू द्या. ते शब्द मुलांकडूनच घ्या. ज्या मुलाला गणितात काही येत नाही असं वर्ग समजतो, ते मूल इथे चटकन बोलतं.

गटात प्रत्येकाकडे स्वतःचा तुकडा द्या

गटकार्यात सहसा एक मूल लिहितं, एक आदेश देतं आणि दोघं पाहत बसतात. यावर एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एक युक्ती काढली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा तेव्हा तिथे नुकत्याच एकत्र केल्या होत्या आणि वर्गांत तणाव होता. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला वेगळा तुकडा दिला. पूर्ण धडा समजायचा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागतं.

बडोद्याच्या मुलांसाठी सयाजीरावांचा काळ यासाठी छान विषय आहे. चार तुकडे करा: सक्तीचं शिक्षण; १८९० मध्ये सुरू झालेलं कलाभवन (तांत्रिक शिक्षणाची संस्था); १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा; आणि १९१० पासून अमेरिकन तज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांच्या मदतीने उभी राहिलेली ग्रंथालयं. प्रत्येक तुकडा सात-आठ वाक्यांचाच असू द्या. आधी एकाच तुकड्याची मुलं एकत्र बसून तो पक्का करतात, कठीण शब्द विचारून घेतात. ही पायरी गाळू नका. वाचनात मागे असलेल्या मुलाची तयारी इथेच होते. मग ती आपापल्या मूळ गटात परत जाऊन बाकी तिघांना शिकवतात. शेवटी चारही तुकड्यांवरचे प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. चाळीस मिनिटांत हे बसत नाही, दोन जोड तास घ्या.

बसणं, दिसणं, ऐकू येणं

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. कमी ऐकू येणारं मूल आपले ओठ पाहत असतं. हिरव्या फळ्यावर लाल खडू वापरू नका, पांढरा आणि पिवळा स्पष्ट दिसतो. सूचना तोंडी द्या आणि फळ्यावरही लिहा. अक्षरं उलटसुलट लिहिणारं, वाचताना अडखळणारं पण तोंडी सगळं सांगणारं मूल आळशी नसतं. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीची, शक्यता लक्षात घेऊन पालकांशी बोला. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) धरून दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशी सवलत मागता येते. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत थांबू नका, तोंडी उत्तर आजपासूनच घ्या.

प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड असेल तर जरूर वापरा. पण वीस मिनिटांचा व्हिडिओ सलग लावण्यापेक्षा दर तीन मिनिटांनी थांबवून पाट्या वर करायला सांगा.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीची

घंटा होण्याआधी एक छोटा प्रश्न आणि कागदाचा चतकोर तुकडा. नाव लिहून मुलांनी उत्तर दारातल्या डब्यात टाकायचं. गुण द्यायचे नाहीत, हे आधीच सांगा. शिक्षक-खोलीत चहा होईपर्यंत चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे होतात: समजलं, अर्धवट, नाही समजलं. तिसऱ्या गठ्ठ्यातली मुलं दुसऱ्या दिवशी सुरुवातीची दहा मिनिटं आपल्याजवळ बसवा, बाकीच्यांना तोवर एक अवघड उदाहरण द्या. ही मुलं विषयागणिक बदलली पाहिजेत. तीच चार नावं आठवडाभर त्याच गठ्ठ्यात आली तर ती मागच्या इयत्तेतल्या कशावर तरी अडली आहेत. त्यांना आजचा धडा पुन्हा समजावण्याऐवजी ते जुनं शोधून काढा.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त पाटी, तीही एकाच विषयात. मुलांना “दाखवा” म्हटल्यावर एकदम पाटी वर करायची सवय लागली की चिठ्ठी जोडा. गटांचे तुकडे पहिल्या चाचणीनंतर घ्या. तोवर कोणाला कोणाशेजारी बसवायचं ते तुम्हाला नीट कळलेलं असेल.